सातव्या माणसाचं धनुष्य

सक्सेना साहेबांनी माझंच चित्र माझ्यासमोर ठेवलं आणि त्यावर बोट टेकवलं.

"साळवे मॅडम, बस यही चाहिए. गॅलरी के एंट्रन्स पर, फुल साइज. आपका शिकारी."

मी चित्राकडे पाहिलं. गेरूच्या रंगात सहा माणसं हातात हात घालून उभी आहेत. त्यांच्यापासून थोडा लांब, एकटा, धनुष्य ताणून उभा असलेला सातवा. मूळ चित्र हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी फरीदाबादजवळच्या अरवलीच्या एका खडकावर काढलं. कागदावरची रेघ मात्र माझी. बावीस वर्षांपूर्वीची.

"सर, पहले दोबारा रेकॉर्डिंग करनी होगी," मी म्हणाले.

"फिर से? ड्रॉइंग तो है."

"ड्रॉइंग सपाट है सर. रेप्लिकाला खडकाचे उंचवटे लागतात."

साहेबांशी बोलताना माझं असं होतं. हिंदीत सुरू केलेलं वाक्य मराठीत संपतं. ते लखनौचे, पण माझ्याबरोबर आठ वर्षं काढल्यामुळे त्यांना समजतं. त्यांनी कॅलेंडर पाहिलं. उद्घाटन सहा आठवड्यांवर होतं. मंत्रालयातून मोठे पाहुणे येणार होते.

"दो दिन," ते म्हणाले. "उससे ज्यादा नहीं."

मी दिल्लीतल्या एका सरकारी संग्रहालयात चित्रकार होते. पदाचं नाव लांबलचक आहे, काम सांगायला सोपं. खडकावर जे आहे ते कागदावर उतरवायचं. सुंदर करायचं नाही, पूर्ण करायचं नाही. दिसतं तेवढंच काढायचं. खात्रीची रेघ सलग, शंकेची रेघ तुटक, आणि जिथे खडकाचा पापुद्रा निघालाय तिथे बारीक तिरक्या रेघा. आमच्या धंद्याचं एवढंच व्याकरण आहे. नव्या माणसाला मी ते दहा मिनिटांत शिकवत असे. पाळायला मात्र पूर्ण नोकरी जाते, आणि माझ्या नोकरीचे आता तीनच महिने उरले होते.

या सातव्या माणसाशी माझं नातं जरा वेगळं होतं. एवढ्या वर्षांत मी शेकडो चित्रं उतरवली. बहुतेक कपाटांत गेली. हे एकच बाहेर पडलं. आधी एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, मग आमच्या माहितीपत्रकावर, तिकिटावर, कापडी पिशवीवर. द्वारकेच्या आमच्या सोसायटीत एकदा एक बाई ती पिशवी घेऊन भाजी घ्यायला आल्या होत्या. मी त्यांना काही बोलले नाही, पण घरी येऊन मुलीला सांगितलं.

जानेवारीत आम्ही फरीदाबादला गेलो. आम्ही म्हणजे मी आणि आमचे फोटोग्राफर आलमभाई. शहर मागे पडलं, मग फार्महाऊसच्या भिंती, मग बंद पडलेल्या दगडखाणी, आणि मग विलायती कीकरांचं, म्हणजे वेड्या बाभळींचं, काटेरी रान. गाडी तिथवरच जाते. पुढे अर्धा तास चढ. वर एक मोठा खडक छज्ज्यासारखा पुढे आलाय. त्याच्याखाली सावली आहे, वारा लागत नाही, पावसात बसता येतं. याला शैलाश्रय म्हणतात. माणसाला घर बांधता येत नव्हतं तेव्हा तो अशा ठिकाणी राहत होता, आणि भिंत समोर असली की माणूस काहीतरी काढतोच.

धुरकं दाट होतं. आलमभाई खूश. "मॅडम, पूरी दिल्ली रोती है, पर मेरे लिए ये पोल्यूशन बेस्ट लाइट है. कहीं शॅडो नहीं."

बावीस वर्षांपूर्वी मी इथे काम केलं ते प्लास्टिकच्या पारदर्शक कागदावर. कागद थेट खडकाला चिकटपट्टीने लावायचा आणि मार्करने रेघ गिरवायची. पुसट चित्र उठून दिसावं म्हणून त्याआधी खडकावर पाण्याचा फवारा मारायचा. तेव्हा सगळे तसंच करत. आता यातलं काहीही चालत नाही. पाण्याने क्षार वर येतात, चिकटपट्टीने रंग निघतो. आता खडकाला हात लावायचा नाही. मोजपट्टी आणि रंगांची पट्टी शेजारी धरायची आणि फोटो काढायचे. थोडं थोडं सरकत शेकडो फोटो, प्रत्येकात आधीच्या फोटोचा मोठा भाग आलेला. कॉम्प्युटर ते सगळे जोडून खडकाचं मॉडेल बनवतो, खाचाखोचांसकट.

आलमभाई फोटो काढत होते, मी नोंदी घेत होते. तेवढ्यात शेळ्या आल्या. त्यांच्यामागे एक बाई आली. पन्नाशीची असेल. डोक्यावर ओढणी, अंगात मुलाचं जुनं स्वेटर, हातात काठी. तिचं नाव बिमला. खालच्या गावात सून म्हणून आली तेव्हापासून ती शेळ्या घेऊन याच खडकाखाली बसत होती. तिने आमच्या सामानाकडे पाहिलं, सगळ्यात चांगला सपाट दगड निवडला आणि त्यावर बसली. तो तिचाच असावा.

"फोटू से क्या होगा?" तिने विचारलं.

"ऐसा ही एक पत्थर दिल्ली में बनाएँगे. लोग देखने आएँगे," मी म्हणाले.

"पानी वाली लकीर भी बनाओगे?"

"कौन सी?"

तिने काठी उचलली आणि बसल्या जागेवरून सातव्या माणसाकडे केली. "वो जो इस आखिरी वाले के आगे है. बरसात में ऊपर की दरार से पानी रिसता है, उसी की लकीर है. जब मैं ब्याह के आई तब इत्ती सी थी."

आलमभाईंनी कॅमेऱ्यातून डोकं वर काढलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"अम्मा, वो धनुष है," ते म्हणाले.

"धनुष?" बिमला हसली. "हमने तो हर सावन में उसे बहते देखा है, भैया."

मी जवळ गेले. खरं सांगायचं तर मी तोवर त्या जागेकडे नीट पाहिलंच नव्हतं. तिथे काय आहे ते मला माहीत होतं ना. बावीस वर्षांपूर्वी तिथे वरच्या बाजूला दगडफुलाचा मोठा करडा डाग होता. आता तो बराचसा वाळून गळला होता, आणि त्याच्याखालची रेघ दिसत होती. धनुष्याचं वरचं टोक जिथे संपतं असं मी दाखवलं होतं, तिथे ती संपत नव्हती. ती तशीच वर चढत जाऊन एका भेगेत शिरत होती.

मी आलमभाईंना एवढंच म्हटलं, "या भागाचे जास्त फोटो घ्या."

आमच्याकडे हातात मावणारा एक मायक्रोस्कोप आहे. खडकाला न टेकवता अगदी जवळ धरायचा, चित्र लॅपटॉपवर दिसतं. आधी तो मी माणसाच्या छातीवर धरला. गेरूचे कण दिसले, दगडावर थर देऊन बसलेले, जाडेभरडे. मग धनुष्यावर धरला. तिथे थर नव्हता. दगडच तांबूस झालेला होता, कापडावर चहाचा डाग मुरतो तसा. अरवलीच्या दगडात लोह असतं. पाणी ते घेऊन उतरतं आणि वाटेत ठेवून जातं. रंग गेरूच्या इतका जवळ की उन्हात, पाणी मारलेल्या खडकावर, प्लास्टिकच्या कागदातून पाहणाऱ्या माणसाला फरक कळणार नाही.

बिमलाने डब्यातून आम्हाला एकेक गुळाचा खडा दिला. मी तो खाल्ला की नाही, आठवत नाही.

दोन दिवसांनी ऑफिसात आलमभाईंनी फोटो सॉफ्टवेअरमध्ये टाकले. हे सॉफ्टवेअर फोटोतले जवळजवळचे रंग एकमेकांपासून ताणून लांब करतं. डोळ्याला सारखे वाटणारे दोन लाल रंग त्यात एक किरमिजी आणि एक पिवळा असे दिसू शकतात. खडकावर नसलेलं ते काही आणत नाही. जे आहे तेच ओरडून सांगतं.

स्क्रीनवर माणसं भडक किरमिजी झाली. धनुष्य पिवळं पडलं, आणि त्याच्याबरोबर वरच्या भेगेपासून खाली आलेले पाण्याचे सगळे ओघळही पिवळे पडले. धनुष्य त्यांच्यातलाच एक ओघळ होता. खडकाच्या फुगवट्यामुळे वळण घेतलेला.

"मॅडम," आलमभाई हळूच म्हणाले, "इधर भी देखिए."

सहावा आणि सातवा माणूस यांच्यामध्ये माझ्या चित्रात कोरी जागा होती. स्क्रीनवर तिथे फिकट किरमिजी पट्टा होता. सहाव्याचा हात. तो पुढे जाऊन सातव्याच्या हाताला मिळत होता. सातवा वेगळा उभाच नव्हता. तो रांगेतलाच होता. दुसरा हात त्याने पुढे केला होता, कोपरात वाकवून, आणि त्या हातात आखूडसं काहीतरी होतं. ते काय, हे मला सांगता येत नव्हतं.

बावीस वर्षं मी एका माणसाला रांगेतून बाहेर काढून त्याच्या हातात शस्त्र दिलं होतं.

पण मला एक गोष्ट समजत नव्हती. शंका असेल तिथे मी तुटक रेघ मारते. त्या वयातही मारत होते. मग ही रेघ सलग कशी? मी स्टोअरमध्ये गेले. जुने प्लास्टिकचे कागद तिथे नळीसारखे गुंडाळून ठेवलेले असतात. माझी गुंडाळी मिळाली. जमिनीवर पसरली आणि चारही कोपऱ्यांवर रजिस्टरं ठेवली.

प्लास्टिकवर धनुष्याची वरची बाजू तुटक होती. खालची बाजू नव्हतीच. शेजारी माझ्याच अक्षरात प्रश्नचिन्ह. आणि त्या प्रश्नचिन्हाच्या बाजूला, वेगळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात लिहिलेलं होतं: "धनुष्य. पक्कं."

ते अक्षर मी ओळखलं. रेगे सरांचं.

डॉक्टर रेगे तेव्हा त्या प्रकल्पाचे प्रमुख होते. मोठे अभ्यासक. मी नवीन होते, कंत्राटावर होते, आणि दिल्लीत मराठी बोलणारा वरिष्ठ मिळाला म्हणून आनंदात होते. त्यांनी पक्कं म्हटलं. मी कागद घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर शाईने फेअर केला. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती, टेबलाखाली खेळत होती. तुटक रेघ सलग झाली. खालची बाजू मी अंदाजाने पुरी केली. प्रश्नचिन्ह गेलं. फेअर कॉपीवर सही मात्र माझी एकटीची.

पुढे सरांनी त्या सातव्या माणसावर पुस्तकातलं एक पूर्ण प्रकरण लिहिलं. नाचणाऱ्या टोळीवर पहारा देणारा शिकारी, असा त्यांचा सिद्धांत होता.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी सगळं शांतपणे पाहिलं. ते रागावले असते तर सोपं गेलं असतं.

"और किसको पता है?"

"आलमभाई. और एक बकरीवाली."

"मॅडम, कार्ड छप रहे हैं. गॅलरी का नाम ही शिकारी पर है." त्यांनी चष्मा काढला. "एक काम करते हैं. अभी जैसा है वैसा बना दीजिए. इनॉगरेशन के बाद देखेंगे."

"सर, वो 'बाद' आते-आते मैं रिटायर हो चुकी हूँगी."

"तो आप क्यों टेन्शन ले रही हैं?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते केबिनमध्ये बोलण्यासारखं नव्हतं. मी म्हणाले, "सर, पब्लिकला तिथे धनुष्य दिसतं, कारण मी दाखवलं. उद्या खडकच दाखवणार आपण, आणि खडकावर पण मी तेच रंगवायचं?"

त्यांनी चष्मा परत लावला. मग सरकारी नोकरीत जे शेवटचं वाक्य असतं ते बोलले. "लिखकर दीजिए."

त्या संध्याकाळी घरी बसून मी टिपण लिहिलं. मुलगी ऋचा शेजारी लॅपटॉपवर तिच्या ऑफिसचं काम करत होती. तिने माझ्या खांद्यावरून डोकावून वाचलं.

"आई, 'पुसट' म्हणजे? फेडेड?"

"हो."

"आणि हे काय लिहिलंयस? 'ही चूक माझी आहे'? यार आई, तीन महिने राहिलेत. लिही ना, की नवीन टेक्नॉलॉजीमुळे नवीन फाइंडिंग झालं. ते खरंच आहे की."

"अर्धं खरं आहे. तेव्हाही मला शंका होती. कागदावर लिहिलेलं आहे."

"मग त्या सरांचं नाव लिही. पक्कं तर त्यांनी लिहिलंय."

"सही त्यांनी केलेली नाही."

ऋचाने तिचा लॅपटॉप बाजूला ठेवला. मग म्हणाली, "अच्छा, मग 'पुसट'ला हिंदीत काय लिहिशील? फाइल हिंदीत असते ना?" आणि आम्ही दोघी 'धुँधला' आणि 'फीका' यांच्यात वाद घालत बसलो. मला त्याने बरं वाटलं.

टिपण फाइलला लागलं. आलमभाईंनी वाचून फाइल दोन्ही हातांनी परत दिली. "मॅडम, पैंतीस साल में सरकारी फाइल में 'मेरी गलती' पहली बार पढ़ा है."

फाइल साहेबांकडे गेली आणि दोन दिवसांनी परत आली. समासात लिहिलेलं होतं: "कृपया चर्चा करें." म्हणजे नकार नाही, होकारही नाही. उद्घाटनाला चार आठवडे राहिले होते. पानिपतच्या कारखान्यातून गॅलरीचे पडदे येऊन पडले होते, त्यांवरही शिकारी विणलेला होता.

मी रेगे सरांना फोन केला. ते फरीदाबादला त्यांच्या मुलाकडे राहत होते. वय चौऱ्याऐंशी. गेली काही वर्षं मी दिवाळीला फोन करायचे, तेवढंच. या वेळी मात्र मी भेटायला निघाले. माझ्या चित्राची तिकिटं झाली होती, पण सरांचं तर अभ्यासक म्हणून नावच त्या शिकाऱ्यावर उभं होतं.

सर गच्चीवर उन्हात बसले होते. कानटोपी, गुडघ्यांवर शाल. शेजारी स्टुलावर सोलायला घेतलेल्या मटारच्या शेंगा.

"ये सुनंदा. तू रिटायर होतेस म्हणे."

"मार्चला, सर."

"मग पेढे कुठायत?"

मी लॅपटॉप उघडला. उन्हात स्क्रीन दिसेना, म्हणून त्यांची शाल आम्ही दोघांच्या डोक्यावर घेतली. मी एकेक फोटो दाखवला. मायक्रोस्कोपमधला गेरू, मायक्रोस्कोपमधला डाग. भेगेतून उतरणारे ओघळ. शालीच्या आत त्यांचा श्वास ऐकू येत होता. शेवटी मी सहाव्याचा हात दाखवला.

ते शालीबाहेर आले. मटाराची एक शेंग उचलली, सोलली नाही, परत ठेवली.

"प्लास्टिकचा कागद आहे अजून?"

मी त्याचा फोटो दाखवला. त्यांनी डोळ्यांजवळ धरून बघितला. आपलं अक्षर बघितलं.

"हे तू फाइलला लावलंस?"

"कागद लावलाय. नाव कुणाचंच लिहिलं नाही. माझं सोडून."

"का?"

"सही माझी होती सर."

"मूर्ख आहेस," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मी सांगितलं म्हणून तू काढलंस. तू काढलंस म्हणून मी लिहिलं. मी लिहिलं म्हणून इतरांनी लिहिलं. आणि प्रत्येकाने पुरावा म्हणून तुझं चित्र दिलं. बघ, एकही माणूस परत तो खडक बघायला गेला नाही. मी फरीदाबादेत राहतो! गाडीने पाऊण तास."

त्यांचे डोळे ओले झाले होते की मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ते तसेच दिसतात, मला ठरवता आलं नाही.

"त्या बाईला कसं कळलं, म्हणालीस?"

"तिने पावसात बघितलंय सर. तेव्हा आपण आणि आता मी, दोन्ही वेळा हिवाळ्यात गेलो."

सर हसले. पहिल्यांदाच. मग लॅपटॉप परत मांडीवर घेऊन सातव्या माणसाचा हात मोठा करून पाहू लागले. पाच मिनिटं गेली असतील. अचानक त्यांचा चेहरा उजळला.

"सुनंदा! हे टिपरू आहे. ढोल वाजवायचं टिपरू. वाकलेला हात बघ. हा वादक आहे. नाचाला वादक हवाच! पक्कं—"

"सर."

ते थांबले. आम्ही दोघंही एकदम हसायला लागलो. खालून सूनबाई विचारायला आल्या, काय झालं.

सरांनी त्याच दिवशी पत्र लिहून दिलं. स्वतःच्या हाताने, थरथरत्या अक्षरात, एकच पान. त्यात त्यांनी लिहिलं, "संबंधित रेघ धनुष्य असल्याचा आग्रह माझा होता, तो चुकीचा होता, आणि पुस्तकातलं ते प्रकरण मी मागे घेतो." चौऱ्याऐंशीव्या वर्षी. मी ते पत्र पिशवीत न ठेवता मेट्रोत हातातच धरून बसले. फरीदाबादहून द्वारकेपर्यंत.

पत्र वाचून साहेब खुर्चीत मागे टेकले. मग त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "अगर हम धनुष रख लें, तो कितने लोग पकड़ पाएँगे?"

मी म्हणाले, "सर, खडक बिहारमध्ये असता तर कुणी नाही. पण तो इथून एका तासावर आहे. आणि हे रंग ताणणारं काम आता मोबाइलवरही होतं. उद्घाटनाच्या दुसऱ्या रविवारी कुणीतरी कॉलेजची मुलं तिथे जातील आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी टाकतील."

साहेबांनी फाइल ओढली आणि सही केली. मला वाटतं त्यांनी आधीच ठरवलं होतं. त्यांना फक्त वर सांगायला कारण हवं होतं, आणि सत्यापेक्षा ते कारण चाललं. गॅलरीचं नाव बदललं. पडदे परत गेले.

मग खरं काम सुरू झालं. मॉडेलवरून मशीनने फोमचे ठोकळे कापले, त्यांवर दगडाची पूड मिसळलेला लेप चढवला, आणि आमच्या वर्कशॉपमध्ये अरवलीचा खडक उभा राहिला. त्यावर मी रंगवायला बसले. तीन आठवडे. माणसं सोपी गेली. गेरू खलात घोटला, पाण्यात कालवला, बोटाने आणि काडीने लावला. पाण्याचा डाग वेगळ्या रंगाने, पातळ करून, वरून खाली ओघळू देऊन केला. तो माझ्या हाताने काढलेला दिसून चालणार नव्हता. पाण्यानेच काढल्यासारखा हवा होता. त्यासाठी मी शिडीवर चढून वरून रंगाचं पाणी सोडलं आणि खाली उभी राहून ते कुठे जातं ते बघत बसले. पहिल्याच वेळी ते सातव्याच्या हातासमोर येऊन वळलं. खडकाचा फुगवटाच तसा होता. मी एकटीच हसले.

अवघड गेला तो सहाव्याचा हात. खडकावर तो डोळ्याला जवळजवळ दिसत नाही. रेप्लिकावर किती दाखवायचा? तीनदा लावला, तीनदा पुसला. माझा हात सारखा गडद लावायला जायचा. लोकांना दिसला पाहिजे असं वाटायचं. इतकी वर्षं त्याला लपवलं त्याची भरपाई. शेवटी आलमभाईंनी तोडगा काढला. मी लावायचं, त्यांनी रेप्लिकाचा फोटो काढून त्याच सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा, आणि खडकाच्या फोटोशेजारी ठेवायचा. चौथ्या वेळी दोन्ही पट्टे सारखे आले. "बस. अब हाथ मत लगाना," ते म्हणाले आणि माझ्या हातातली काडी काढून घेतली.

शेवटचं भांडण पाटीवरून झालं. मी मजकूर दिला होता: "सातव्या व्यक्तीच्या हातात काय आहे, हे सांगता येत नाही."

साहेब म्हणाले, "मॅडम, सरकारी म्यूझियम पब्लिक को बोलेगा कि हमें पता नहीं?"

"हो सर."

"कुछ तो लिखिए. 'संभवतः वाद्य'?"

"नाही सर."

पाटी तशीच लागली.

उद्घाटन व्यवस्थित झालं. पाहुण्यांनी फीत कापली, खडकासमोर फोटो काढला आणि विचारलं की हा इथे आणला कसा. साहेबांनी समजावून सांगितलं. रेगे सर व्हीलचेअरवरून आले होते. ते सातव्यासमोर बराच वेळ होते आणि शेजारच्या माणसाला हळूच टिपऱ्याबद्दल सांगत होते, हे मी ऐकलं. बिमला दुसऱ्या दिवशी तिच्या जावेला घेऊन आली. मी गाडी पाठवली होती. तिने खडकाला सगळीकडून पाहिलं, ओघळावर नजर फिरवली आणि मान हलवली. "पत्थर तो ठीक बना है," ती म्हणाली. "पर ठंडा नहीं लगता."

त्यानंतरच्या आठवड्यांत मी रोज दुपारी थोडा वेळ गॅलरीत जाऊन बसायचे. लोक बाकीच्या चित्रांसमोरून पुढे सरकत. या पाटीपाशी थांबत. एक काका म्हणाले बासरी आहे. एका मुलीने सांगितलं आइस्क्रीम. एक नवराबायको तिथे दहा मिनिटं भांडले, ती म्हणत होती फूल आणि तो म्हणत होता मशाल. पूर्वी शिकाऱ्याच्या चित्राकडे कुणीच इतका वेळ बघत उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

मार्चच्या अखेरीला मी जुन्या चित्राची नोंद रजिस्टरात दुरुस्त केली. ते फाडायचं नसतं. त्यावर 'रद्द' असा शिक्का मारतात, खाली कारण लिहितात, आणि ते कपाटात परत ठेवतात, कारण चूक कशी झाली हीसुद्धा नोंदच असते. नव्या चित्राला नवा क्रमांक मिळाला. सही केली आणि चाव्या दिल्या.

यातून मी काय शिकले, असं निरोपाच्या चहाला कुणीतरी विचारलं. मी म्हणाले, आपली चूक आपण नोकरीत असतानाच सापडलेली बरी. तोवर सापडली नाही, तर पुढे लोक तिला संदर्भ म्हणतात.